डावीकडचा उजेड

बोईसरच्या ज्या धर्मादाय दवाखान्यात मी नोकरी केली, तिथे माझ्या खोलीच्या दारावर ‘अल्पदृष्टी विभाग’ अशी पाटी होती. तेवीस वर्षांत ती पाटी वाचून आत आलेला एकही माणूस मला आठवत नाही. ज्याला वाचता येत होती त्याचं माझ्याकडे काम नव्हतं, आणि ज्याचं काम होतं त्याला ती दिसत नव्हती. पाटी मीच भांडून लावून घेतलेली, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती.

लोक मला ‘चष्म्यावाल्या मॅडम’ म्हणत, पण साधे चष्मे शेजारच्या खोलीत मिळायचे. चष्मा लावून, मोतीबिंदू काढून, थेंब घालून, डोळ्यात सुया टोचून घेऊनही ज्यांना पुरेसं दिसत नाही, ती माणसं माझ्याकडे येत. डॉक्टर चिठ्ठीवर ‘यापुढे उपचार नाही’ असं लिहून त्यांना माझ्याकडे धाडायचे. माणूस समोर बसायचा तोच निकाल ऐकून आल्यासारखा. आंधळा आणि डोळस यांच्या मधल्या या माणसांना आपल्याकडे धड नावसुद्धा नाही. आंधळे नाहीत म्हणून कुणी हात धरत नाही, आणि जिन्याची पायरी चुकली की घरचेच म्हणतात, सोंग करतो. काल जमिनीवर पडलेली सुई दिसली, मग आज समोरची सून कशी दिसत नाही? तर उजेड, रंग आणि जागा बदलली की उरलेली नजरही बदलते, म्हणून. हे पटवण्यात माझा निम्मा दिवस जायचा.

माझ्या खणांत भिंगं असायची. हातात धरायची, कागदावर ठेवायची, आतून दिवा लागणारी. बोटाएवढी दुर्बीण, ऊन बोचणाऱ्यांसाठी पिवळ्या काचा. आणि एक काळा पुठ्ठा, मधोमध फट कापलेला. पुस्तकावर ठेवला की एकच ओळ दिसते, बाकीची गर्दी झाकली जाते. पुठ्ठा मी घरी बसून कात्रीने कापायचे. लोकांचा मात्र विश्वास भिंगावर, आणि त्यातही जाड भिंगावर जास्त.

मी मूळची कराडकडची. नवऱ्याच्या वीजकेंद्रातल्या नोकरीमुळे इकडे आले, आधी कॉलनीत आणि मग उमरोळीला घर बांधून राहिले. मुंबईत शिकून आल्याचा मला सुरुवातीला बराच ताठा होता. तो पहिल्यांदा उतरवला समुद्रकाठच्या नवापूरच्या एका मावशींनी. त्यांना मी कौतुकाने दिव्याचं भिंग दिलं, त्यांनी ते पंधरा दिवसांत परत आणलं. “मला वाचायचं नाय बाय,” त्या म्हणाल्या, “बोंबील साफ करताना बोट कापतं, त्याचं बोला.” विचारलं तेव्हा कळलं, त्या विळीखाली पांढरं प्लास्टिकचं ताट ठेवत होत्या. बोंबील पांढरा, ताट पांढरं. मी म्हटलं, काळं घमेलं घ्या. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. “येवढ्या शिकल्यात ते घमेलं सांगायला?” पण बोट कापायचं थांबलं. पुढच्या महिन्यात त्यांनी गल्लीतल्या आणखी दोघींना पाठवलं, आणि त्या दोघींनी खोलीत शिरताच घमेल्याची चौकशी केली.

कुंभवलीच्या एका कारखान्यातला उत्तरेकडचा कामगारही असाच लक्षात आहे. तपासणीत नोकरी जाईल म्हणून त्याने भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ केला होता. शेवटची बारीक ओळ त्याने अशी घडाघडा म्हटली की मी हातातलं पेन खाली ठेवलं, कारण आदल्याच आठवड्यात मी तक्ता बदलला होता. तो अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, बोर्ड बदल दिया क्या?” हसू आलं. त्याला यंत्रावरून पॅकिंगला घ्यावं म्हणून मी चिठ्ठी लिहिली आणि ती मानली गेली.

या दोघांकडून एक नियम मी शिकले होते. आधी विचारायचं, काय बघायचंय? भिंग नंतर. हा नियम मी पुढे कितीतरी नव्या मुलींना मोठ्या तोऱ्यात शिकवला. तो अर्धाच होता, हे मला हरेश्वरभाऊंनी शिकवलं, आणि त्यासाठी त्यांना तीन आठवड्यांचं काम मोजावं लागलं.

हरेश्वरभाऊंना त्यांची सून प्राजक्ता स्कूटरवरून घेऊन आली होती. साठीचा सडपातळ माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बसण्याआधी खुर्चीची पाठ हाताने चाचपून घेतली. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता, डाव्याचा जास्त, उजव्याचा थोडा कमी. मी त्यांना चौकटीचा कागद दाखवला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं.

“मदल्या चार चौकटी कुणी तरी खाल्ल्यात,” ते म्हणाले.

आजार मी घरच्यांना एका युक्तीने समजावत असे. लग्नाचा फोटो घ्यायचा आणि नवरदेवाच्या तोंडावर अंगठा ठेवायचा. मांडव दिसतो, वऱ्हाडी दिसतात, ज्याच्यासाठी फोटो काढला तोच दिसत नाही. भाऊंचं तसं झालं होतं. रस्त्याने चालायचे व्यवस्थित, पण समोरच्याचं तोंड दिसायचं नाही.

“काय बघायचंय तुम्हाला?” मी माझा नियम लावला.

“माजं काम.”

प्राजक्ताने पर्समधून फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू काढून टेबलावर ठेवली. आगपेटीपेक्षा जरा मोठा पोलादी ठोकळा, आणि त्याच्या तोंडावर आत कोरलेली कोयरी. कोयरीत मोर, मोराच्या पिसाऱ्यात केसाएवढ्या बारीक रेघा.

चिंचणी-तारापूरच्या बाजूला घराघरांतून टकटक ऐकू येते, ती याची. तिथले कारागीर दागिन्यांच्या डाय, म्हणजे ठसे, बनवतात. ठोकळ्यावर पितळेचा किंवा चांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की कोरलेली नक्षी पत्र्यावर उठून येते. म्हणजे दागिन्यात जे वर यायचं असतं ते डायमध्ये खोल जातं. डावं तिथे उजवं, उंच तिथे खोल, असा आयुष्यभर उलटा विचार करायचा, छिन्नी डाव्या हातात, हातोडी उजव्या हातात. देशभरच्या बायकांच्या गळ्यात, कानात यांची कोयरी असते आणि कोरणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

भाऊंनी ठोकळ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. “हा मोर चार वर्षामागचा. तवा दिसत होतं.” मग त्यांनी माझ्या हाताकडे बोट केलं. “बांगडी बघू, मॅडम.” मी हात पुढे केला. त्यांनी बांगडीवरच्या वेलीवर नख फिरवलं, फार तर पाच सेकंद. “ही मशीनवरची डाय हाय. पान पानासारखंच येतं सगळीकडं. हाताची असती तर येक पान तरी रुसलं असतं.” बांगडी मी तीन वर्षं घालत होते, आणि मला डोळे होते.

त्यांच्या हातात एक मागणी होती. जुन्या ओळखीच्या दलालाला असाच मोर हवा होता, पण लहान आकारात. भाऊंनी हो म्हटलं होतं. नजर गेल्याचं त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. “येक डाय परत पाठवली ना मॅडम, की दुसरी येत नाय. सगळ्यांना कळतं. मंग पडवीत बसायचं.” मुलगा वीजकेंद्रात कंत्राटावर होता, त्याने छिन्नीला कधी हात लावला नव्हता. घरात खायची ददात नव्हती, हे प्राजक्ताने मुद्दाम सांगितलं. “बाबांना ते काम पुरं करायचंय, एवढंच.”

मी कामाला लागले. आधी त्यांना नजर वाकडी करायला शिकवली. मधला भाग गेला तरी कडेचा शाबूत असतो. तेव्हा वस्तूकडे सरळ न बघता घड्याळात जिथे अकराचा आकडा असतो तिकडे बघायचं, म्हणजे वस्तू चांगल्या भागात येते. म्हणायला सोपं, पण जन्मभराची सवय मोडायची असते. बरेचजण महिनाभर खेटे घालतात आणि सोडून देतात. भाऊंना बारा दिवस लागले. ज्या माणसाने चाळीस वर्षं उलटा विचार केला, त्याला आणखी एक उलटी गोष्ट शिकणं अवघड गेलं नाही. फक्त त्यांच्या बायकोची, वनिताबाईंची तक्रार आली. “आता माज्याशी बोलताना हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बगतात. शेजारीण विचारते, भाऊ रागवलेत काय आमच्यावर?” मी म्हटलं, शेजारणीला सांगा, कॅलेंडरकडे बघतात तेव्हाच तुमच्याकडे बघतात. हे शेजारणीला कितपत कळलं देव जाणे.

मग भिंग. जाड भिंगाचा चष्मा दिला तर वस्तू मोठी दिसते, पण ती नाकापासून चार बोटांवर धरावी लागते. पोथी वाचायला चालतं. इथे मध्ये हातोडी चालवायची, म्हणजे पहिला घाव नाकावर. म्हणून मुंबईहून दुर्बिणीचा चष्मा मागवला. उजव्या काचेत एक छोटी नळी बसवलेली, दीड वितीवरचं मोठं करून दाखवणारी. दिसणारा भाग रुपयाच्या नाण्याएवढाच, पण स्वच्छ. खोलीत बसून भाऊंनी त्यातून चार वर्षांपूर्वीचा आपला मोर बघितला. बराच वेळ बघितला. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, “चोचीत चूक राहिलेली हाय. तवा दिसली नव्हती.”

मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्याच आनंदात मी लांब मानेचा दिवा काढून दिला आणि समजावलं, तुमचा उजवा डोळा चांगला, तर दिवा उजव्या बाजूला ठेवायचा. आमच्या शिक्षणात हे पहिल्या महिन्यात शिकवतात. चांगल्या डोळ्याच्या बाजूने उजेड. शेकडो माणसांना मी हेच सांगितलेलं.

भाऊ क्षणभर थांबले. “उजवीकडं?”

“उजवीकडेच.”

“बरं.”

तो क्षण मला आजही आठवतो. तिथे मी विचारायला हवं होतं, का हो, काय झालं? पण बाहेर बाकावर आठ माणसं होती आणि मी खुशीत होते.

साधारण महिन्याने वनिताबाई एकट्याच आल्या. टॉवेलात गुंडाळलेला दिवा आणि डबीतला चष्मा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. “तुमचे उपकार झाले मनालेत. हे दुसऱ्या कुणाला कामाला येईल.”

“का? दिसत नाही त्यातून?”

“दिसतं ना. लय चांगलं दिसतं.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “डाय गेली. तीन आटवडे बसले होते. सगळी झाली, पिसाऱ्याच्या रेगा रायल्या होत्या. आनि जे ठेवायचं तेच कापलं. हत्यारं पत्र्याच्या डब्यात भरलीत. पडवीत बसतात. दलालाला फोन कर मनून प्राजक्ताच्या मागं लागलेत, की काम दुसरीकडं दे. ती उद्या-उद्या करते.”

मी पहिल्यांदा स्वतःचीच बाजू घेतली, हे कबूल करते. मनात म्हटलं, चष्मा बरोबर होता, नंबर बरोबर होता, हातच थरथरत असेल, वय झालंय. दिवसभर हे स्वतःला सांगितलं. संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना ते ‘उजवीकडं?’ कानात आलं, आणि मग काही जाईना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दिवा स्कूटरच्या पुढे बांधला, चष्म्याची डबी पर्समध्ये, आणि निघाले. एवढ्या वर्षांत मी एकाही पेशंटच्या कामाच्या जागी गेले नव्हते. त्यांना काय बघायचंय ते विचारायचे, आणि माझ्याच खोलीत, माझ्याच दिव्याखाली ते दाखवायचे.

भाऊंची गल्ली अरुंद, म्हणून स्कूटर कोपऱ्यावर लावून चालत गेले. सकाळचे अकरा वाजले असतील. वाटेत तीन घरांतून टकटक येत होती आणि दारं उघडीच होती. पहिल्या घरात एकजण ठोकळ्यावर वाकलेला, त्याच्या डाव्या खांद्याशी खिडकी. दुसऱ्या घरात दोघे, दोघांच्याही डावीकडे खिडकी. तिसऱ्या घरात खिडकी गैरसोयीच्या भिंतीला होती, तर त्या माणसाने दाराकडे पाठ करून, कपाटात कोपर अडकवून, कसंबसं अंग वळवून घेतलं होतं, पण खिडकी डावीकडेच घेतली होती. मी मागे फिरून पहिली दोन घरं पुन्हा बघून आले.

भाऊ पडवीत बसले होते. मी आल्याचं त्यांनी चपलांच्या आवाजावरून ओळखलं आणि उठून उभे राहिले. “मॅडम, तुमी कशाला तसदी घेतलीत?”

“भाऊ, उजेड डावीकडूनच का लागतो?”

ते आत गेले, हत्यारांचा डबा उघडला आणि ती बिघडलेली डाय घेऊन आले. प्राजक्ताला टॉर्च आणायला सांगितली. मला आत बोलावून खोलीची खिडकी लोटून घेतली. डाय माझ्यापुढे ठेवून त्यांनी टॉर्च डावीकडून धरली. “येक डोळा मिटा. काय दिसतं?”

कोयरी खोल, तिच्या आत मोर खोल. मी तसं सांगितलं.

मग त्यांनी टॉर्च माझ्या डोळ्यांदेखत उजवीकडे नेली. तोच ठोकळा, तीच कोयरी, पण आता मोर वर आला होता. खरंच वर आला होता, अगदी चिमटीत धरावा असा. मी बोट लावून बघितलं तर बोट खड्ड्यात गेलं. डोळा म्हणत होता उंच, बोट म्हणत होतं खोल.

“आमचा डोळा डावीकडच्या उजेडाचा,” भाऊ म्हणाले. “माज्या बापानं मला पयल्या दिवशी हेच सांगितलं. उजेड फिरला की खोल वर येतं. तुमी दोन डोळ्यांनी बगाल तर लगेच कळंल. मी येका डोळ्यानं बगतो, तेबी नळीतनं, नाण्याएवढं. मला रेग उंच दिसली, मी तासली.”

“तुम्हाला हे माहीत होतं, मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?”

“तुमी शिकलेल्या. मला वाटलं, या चश्म्यात तसंच असंल.” मग म्हणाले, “चूक माजीबी हाय. रेग तासायच्या आदी नख लावायचं असतं. चाळीस वर्षं लावलं. पन मॅडम, इतक्या दिसांनी इतकं साफ दिसलं, की नखाला विसरलो.”

मला शरम वाटली. नुसती चुकल्याची नाही. हा माणूस स्वतःच्या चाळीस वर्षांपेक्षा माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून बसला होता, आणि ते वाक्य मी घड्याळाकडे बघत बोलले होते. आमच्या पुस्तकात लिहिलेलं कागदासाठी खरं आहे. कागदाला खोली नसते. मी त्यांना म्हटलं, “भाऊ, चूक माझी आहे. तुमची अर्धी धरली तरी माझी पूर्ण आहे.” वनिताबाई दारात उभ्या होत्या. त्या आत जाऊन चहा ठेवू लागल्या, म्हणजे मला माफी मिळाली असं मी धरलं.

पण माफीने डाय होत नाही. दलालाने दिलेले दिवस संपायला अठरा दिवस उरले होते, आणि नव्या ठोकळ्यापासून सुरुवात करायची होती. भाऊ नको म्हणाले. दुसऱ्यांदा बिघडली तर ते सहन होणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी प्राजक्ताकडे बघितलं. ती म्हणाली, “बाबा, कोयरीचा नुसता खड्डा मी काढून देते. मला येतो.”

भाऊंचं तोंड तिच्याकडे वळलं, म्हणजे कॅलेंडरकडे वळलं. “तुला कसा येतो?”

“तुम्ही दुपारी झोपता तेव्हा जुन्या तुकड्यांवर करते. दोन वर्षं झाली.”

त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या बाजूचा घट्टा चाचपून बघितला. छिन्नी धरून पडतो तो. “आनि मला वाटत होतं, पोरीला भांडी लय पडतात,” ते म्हणाले.

त्या दुपारी आम्ही जमिनीवर बसून जागा लावली. दिवा डावीकडे आणि अगदी खाली, ठोकळ्याच्या बरोबरीला, म्हणजे उजेड नक्षीवरून आडवा सरकावा. तो भाऊंच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून मी माझ्या काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा केला. चकचकीत पोलाद डोळ्यात चमकत होतं, त्यावर काय करावं कळेना. तेवढ्यात मला नवापूरच्या मावशींचं घमेलं आठवलं. मी प्राजक्ताकडून निळी शाई मागवली, बिघडलेल्या डायवर चोळून बघितली आणि वरून पुसून घेतली. खोल भागात शाई राहिली, उंच भाग पांढरा झाला. आता उजेड कुठूनही आला तरी निळं म्हणजे खोल. भाऊंनी नळीतून बघितलं आणि मान हलवली. “हे आदी का नाय सुचलं तुमाला?” हा या सगळ्या प्रकरणात त्यांनी मला दिलेला एकमेव टोमणा. तो मी आनंदाने घेतला.

नियम त्यांनीच ठरवला. प्रत्येक घावाआधी नख. दिवसाला चारच तास, डोळा थकला की उठायचं. प्राजक्ताने कोयरीचा खड्डा काढला, मोराचा ढोबळ आकार खोल उतरवला. चोच, डोळा आणि पिसाऱ्याच्या रेघा भाऊंनी घातल्या. मी दर दोन-तीन दिवसांनी दवाखाना सुटला की जात होते, काही करायला नाही, नुसती भिंतीशी बसायला. नख, मग शाई, मग नजर अकराच्या आकड्यावर, मग एक घाव. पुन्हा नख. एका रेघेला पाऊण तास. या माणसाला ‘यापुढे उपचार नाही’ अशी चिठ्ठी मिळालेली होती. मी आयुष्यात बरीच हुशार माणसं बघितली, पण इतकं मन लावून बघणारा माणूस बघितला नाही.

डाय पूर्ण झाली ती दलाल यायच्या आदल्या दिवशी. दलाल आला तेव्हा मी मुद्दाम हजर होते, दूरची नातेवाईक म्हणून. त्याने शिशाचा तुकडा डायवर ठेवून ठोकला आणि उठलेला मोर खिडकीशी नेऊन बघितला. उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. मग डाय फडक्यात गुंडाळून बॅगेत टाकली आणि चहा मागितला. एक शब्द बोलला नाही. तो गेल्यावर मी घाबरून विचारलं, “काय झालं? आवडली नाही का?” वनिताबाई हसायला लागल्या. या धंद्यात चूक असली तरच बोलतात, हे मला तेव्हा कळलं. शिशाचा तो मोर भाऊंनी मला दिला. बिघडलेली डाय मी मागून घेतली. ती पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलावर होती. नवी मुलगी शिकायला आली की मी एक डोळा मिटायला सांगून डायवर उजवीकडून टॉर्च मारायचे आणि विचारायचे, खोल की उंच? मग तिला म्हणायचे, आता पेशंटच्या घरी जाऊन ये, तो कुठे बसतो ते बघ, भिंग नंतर. त्याआधी आलेल्या किती माणसांना मी असा चुकीच्या बाजूचा दिवा दिला असेल आणि त्यांनी तो टॉवेलात गुंडाळून माळ्यावर टाकला असेल, याचा विचार मात्र अजूनही येतो. परत आणून देणारे थोडेच असतात.

त्यानंतर महिनाभर माझं तिकडे जाणं झालं नाही. मग एकदा चिंचणीला एका लग्नाला गेले होते, तिथून भाऊंकडे डोकावले. टकटक बाहेरूनच ऐकू आली, बरं वाटलं. आत गेले तर ठोकळ्यावर प्राजक्ता वाकली होती. दुर्बिणीचा चष्मा डबीत, डबी फळीवर. भाऊ बाजूला पाटावर मांडी घालून बसले होते.

मनात म्हटलं, गेली उरलीसुरली नजर. “भाऊ, काय झालं? दिसत नाही का चष्म्यातून?”

“दिसतं की. पेपर वाचतो त्यातनं.” त्यांनी प्राजक्ताच्या हाताखालून डाय ओढून घेतली, नख फिरवलं, एका जागी थांबले, बोटाने ती जागा तिला दाखवली आणि डाय परत सरकवली. मग माझ्या कपाळाच्या वर कुठेतरी बघत म्हणाले, “डोळ्यांनी मला कामावरनं उठवलं नाय, मॅडम. तो मोर पुरा झाला, आनि मंग मी आपनहून उठलो.”

मी जवळ जाऊन तिचं काम बघायला वाकले. टकटक थांबली. प्राजक्ता संकोचाने गप्प राहिली. भाऊ मात्र राहिले नाहीत.

“मॅडम, जरा उजवीकडं सरका,” ते म्हणाले. “पोरीचा उजेड अडतो.”

मी सरकले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.